हाड राखण्याचा प्रयत्न : हिरड्यांच्या विकारावरील औषधोपचारांचा इतिहास

दाताचे मूळ जबड्याच्या हाडात थेट रुतलेले नसते. मूळ आणि हाड यांच्यामध्ये कोलॅजन या चिवट प्रथिनाच्या तंतूंचा एक पातळ थर असतो, त्या तंतूंची टोके एका बाजूला दाताच्या मुळात आणि दुसऱ्या बाजूला हाडात घट्ट बसलेली असतात आणि चावताना पडणारा सगळा भार हे तंतू व त्यांना धरून ठेवणारे हाड मिळून सोसतात. सर्वसामान्य माणूस ज्याला पायोरिया म्हणतो आणि दंतवैद्यकात ज्याला पेरिओडोन्टायटिस असे नाव आहे, त्या विकारात ही व्यवस्था आतून मोडत जाते. हिरडी सुजते, ब्रश करताना रक्त येते, तंतू तुटतात, हाडाची कड मागे हटते, दात आणि हिरडी यांच्यातली फट खोल होत जाते आणि अखेर मुळीच न किडलेला दातही हलू लागून पडतो. एकदा गेलेले हाड आपोआप भरून येत नाही, ही या विकारातली सर्वांत कठीण गोष्ट होय.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत यावरचे उपाय प्रामुख्याने हत्यारांनी करायचे होते. दातांवर साठलेले कीटण खरवडून काढायचे, सुजलेली हिरडी कापायची आणि दात अगदीच खिळखिळा झाला तर तो काढून टाकायचा, असा तो क्रम होता. पुढच्या अर्धशतकात या क्रमात औषधाने प्रवेश केला आणि तो केवळ जंतू मारणारे औषध म्हणून केला नाही, तर हाडाची झीज रोखणारे आणि पुढे हाड घडवणारे औषध म्हणूनही केला. या प्रयत्नांत काही अपेक्षा फळाला आल्या, काही फोल ठरल्या आणि एका टप्प्यावर हाड राखणाऱ्या औषधानेच जबड्याचे हाड मृत होऊ शकते, हे सत्य समोर आले. हाडाची झीज थांबवणे आणि हाड जिवंत ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वैद्यकाला या प्रवासात शिकावे लागले.

जंतू सारखे, नुकसान वेगवेगळे

या इतिहासाची सुरुवात औषधापासून होत नाही. ती कारणाच्या शोधापासून होते. 1965 साली डेन्मार्कमधील ऑर्हुस येथे हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणे पूर्णपणे थांबवायला सांगितले. त्यांतले बहुतेक दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी होते. दहा ते एकवीस दिवसांत या सर्वांच्या हिरड्या सुजल्या, आणि दातांची स्वच्छता पुन्हा सुरू होताच साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. दातांवर साचणारा जंतूंचा चिकट थर हाच हिरड्यांच्या सुजेचे कारण आहे, हे इतक्या स्वच्छपणे त्यापूर्वी कोणी दाखवलेले नव्हते. साहजिकच पुढची काही वर्षे संशोधनाचा सगळा रोख जंतूंवर राहिला.

याच लो यांच्या दुसऱ्या अभ्यासाने मात्र या चित्राला एक मोठी पुरवणी जोडली. 1970 साली श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांवर काम करणाऱ्या 480 तमिळ पुरुष मजुरांची तपासणी सुरू झाली. चौदा ते एकतीस वर्षे वयाच्या या मजुरांना दंतोपचार कधी मिळालेच नव्हते, दात घासण्याची त्यांची रीत नव्हती आणि प्रत्येकाच्या दातांवर जंतूंचा थर व कीटण मुबलक होते. 1985 पर्यंत त्यांची पुनःपुन्हा तपासणी होत राहिली आणि 1986 साली जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, ते विचार करायला लावणारे होते. सुमारे 8 टक्के मजुरांमध्ये दातांचा आधार झपाट्याने नष्ट झाला, 81 टक्क्यांमध्ये तो मध्यम गतीने कमी झाला आणि 11 टक्क्यांमध्ये हिरड्या सुजलेल्या असूनही विकार पुढे सरकलाच नाही. वयाच्या पस्तिसाव्या वर्षी पहिल्या गटातील मजुरांच्या दातांचा आधार सरासरी 9 मिलिमीटर सुटलेला होता, तर तिसऱ्या गटात हे नुकसान 1 मिलिमीटरहूनही कमी होते.

अस्वच्छता सर्वांची सारखी असताना नुकसानात एवढी तफावत पडत असेल, तर जंतूंखेरीज आणखी काहीतरी निर्णायक आहे, हे उघड होते. जंतू आजाराला तोंड फोडतात, पण ऊती आणि हाड यांचा प्रत्यक्ष नाश बऱ्याच अंशी रुग्णाच्या शरीराच्या प्रतिक्रियेतून होतो, हा विचार त्यामुळे बळावला. जंतूंना हुसकावण्यासाठी शरीर जो दाह निर्माण करते, त्याच दाहात तयार होणारी रसायने कोलॅजन तोडतात आणि हाड झिजवणाऱ्या पेशींना कामाला लावतात. शरीराची ही प्रतिक्रिया औषधाने आवरता आली, तर हाड वाचवता येईल, ही कल्पना येथून पुढच्या सर्व प्रयत्नांच्या मुळाशी राहिली.

वेदनाशामकांची पहिली फेरी

हाड बाहेरून दगडासारखे अचल भासले तरी ते आयुष्यभर मोडत आणि घडत असते. ऑस्टिओक्लास्ट म्हणजे अस्थिभक्षक पेशी जुने हाड विरघळवतात, ऑस्टिओब्लास्ट म्हणजे अस्थिजनक पेशी त्या जागी नवे हाड रचतात आणि या दोन कामांचा तोल राहिला तरच हाडाचे प्रमाण टिकून राहते. हिरड्यांच्या विकारात हा तोल दाताभोवतीच्या अरुंद जागेत बिघडतो. तो कशाने बिघडतो याचा एक धागा 1970 साली हाती आला. प्रॉस्टाग्लँडिन या नावाची, दाहात तयार होणारी स्निग्ध रसायने प्रयोगशाळेत वाढवलेल्या हाडाची झीज वाढवतात, असे डेव्हिड क्लाइन आणि लॉरेन्स राइझ यांनी त्या वर्षी दाखवले. हार्वर्डच्या दंतवैद्यक महाविद्यालयाचे अधिष्ठाता पॉल गोल्डहेबर हेही हाडाच्या झिजेचा आणि हिरड्यांच्या विकाराचा संबंध काचपात्रातील प्रयोगांतून तपासत होते.

ॲस्पिरिनच्या वर्गातील वेदनाशामके प्रॉस्टाग्लँडिनची निर्मिती रोखतात, हे 1971 सालापासून माहीत झालेले होते. तेव्हा ही औषधे हिरड्यांच्या विकारात वापरून पाहणे ओघानेच आले. हार्वर्डमध्ये रे विल्यम्स, मार्जोरी जेफकोट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लुर्बिप्रोफेन हे औषध प्रथम बीगल जातीच्या कुत्र्यांवर आणि नंतर रुग्णांवर आजमावले. 1989 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत, दिवसातून दोनदा 50 मिलिग्रॅम औषध घेणाऱ्या रुग्णांच्या दातांभोवतीचे हाड पहिल्या दीड वर्षात निरौषध गोळी घेणाऱ्यांपेक्षा कमी वेगाने झिजले. क्ष-किरण चित्रांवर मोजता येईल असा हा परिणाम होता आणि शरीराची प्रतिक्रिया बदलून माणसाचे हाड राखता येते, याचा तो महत्त्वाचा पुरावा ठरला. परंतु दोन वर्षे पुरी होईपर्यंत दोन्ही गटांतील फरक लक्षणीय राहिला नाही. शिवाय ही औषधे वर्षानुवर्षे घेतल्यास जठरात व्रण होण्याचा आणि मूत्रपिंडांना इजा होण्याचा धोका असतो. संथ गतीने चालणाऱ्या आणि जीवघेण्या नसलेल्या विकारासाठी असा धोका पत्करणे योग्य नव्हते, म्हणून ही वाट दैनंदिन उपचारापर्यंत पोहोचली नाही.

प्रतिजैविकाचा दुसरा गुण

ज्या औषधाला पुढे अधिकृत मान्यता मिळाली, त्याची कुळकथा एका वेगळ्याच ठिकाणी सुरू होते. 1948 साली अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत बेंजामिन डुग्गर यांनी मातीतील एका सूक्ष्मजीवापासून मिळवलेले ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक प्रकाशात आले. टेट्रासायक्लिन वर्गातील हे पहिले औषध होय, आणि त्या काळी लेडर्लीतील संशोधनाचे नेतृत्व आंध्रातून गेलेले जीवरसायनशास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होते. या वर्गातील औषधे कॅल्शियमसारख्या धातूंच्या आयनांना चिकटतात आणि त्यामुळे वाढत्या हाडांत व दातांत जाऊन बसतात, हे लवकरच ध्यानात आले. लहान वयात टेट्रासायक्लिन दिलेल्या मुलांचे दात कायमचे पिवळे-करडे होतात ते याच गुणामुळे, आणि म्हणून गर्भवती स्त्रिया व लहान मुले यांना ती देणे टाळले जाते.

दुसरा धागा 1962 सालचा. बेडूकमाशाचे रूपांतर बेडकात होताना त्याची शेपटी कशी विरघळते, याचा अभ्यास करताना जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांना कोलॅजन तोडणारे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन सापडले. कोलॅजनेज हे ते विकर माणसाच्या सुजलेल्या हिरडीतही असते आणि दाताला हाडाशी बांधणारे तंतू तोडण्यात त्याचा मोठा वाटा असतो, हे पुढच्या वर्षांत स्पष्ट झाले.

हे दोन धागे न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रुक विद्यापीठात लॉर्न गोलब यांच्या प्रयोगशाळेत एकत्र आले. मधुमेह जडवलेल्या उंदरांच्या हिरड्यांत कोलॅजनेज फार वाढते, हे गोलब आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले होते. मधुमेहामुळे हिरड्यांतील जंतू बदलत असतील आणि त्यामुळे विकर वाढत असेल, अशी एक शक्यता होती. ती पडताळण्यासाठी त्यांनी उंदरांना टेट्रासायक्लिन वर्गातील मिनोसायक्लिन दिले आणि विकराचे प्रमाण उतरले. खरा उलगडा झाला तो जन्मापासून निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांवरील प्रयोगात. ज्यांच्या तोंडात जंतूच नव्हते, त्यांच्याही हिरड्यांतील कोलॅजनेज या औषधाने कमी झाले, तेव्हा जंतू मारण्याच्या गुणाशी या परिणामाचा संबंध नाही, हे सिद्ध झाले. 1983 साली हे काम प्रसिद्ध झाले. कोलॅजनेजला काम करण्यासाठी जस्ताचा आयन लागतो आणि टेट्रासायक्लिन धातूंच्या आयनांना चिकटते, हा या परिणामामागील कारणाचा एक महत्त्वाचा भाग होता.

या निष्कर्षाची आणखी कडक परीक्षा 1987 साली झाली. टेट्रासायक्लिनच्या रेणूतील एक विशिष्ट नत्रयुक्त गट काढून टाकला की त्याची जंतू मारण्याची शक्ती नाहीशी होते. गोलब, नुंगावरम रामामूर्ती आणि इतर सहकाऱ्यांनी असा बदललेला रेणू तपासला, तेव्हा त्याची कोलॅजनेज रोखण्याची क्षमता मात्र कायम असल्याचे दिसून आले. औषधाचे दोन गुण एकमेकांपासून वेगळे काढता येतात, हे ठरल्यावर व्यावहारिक प्रश्न एवढाच उरला की रुग्णाला ते कोणत्या मात्रेत द्यावे. डॉक्सिसायक्लिन हे या वर्गातील औषध विकर रोखण्यात सर्वांत प्रभावी ठरले होते. संसर्गावर त्याची 100 मिलिग्रॅमची मात्रा दिली जाते. ती दिवसातून दोनदा 20 मिलिग्रॅमवर आणली, तर रक्तातील प्रमाण जंतूंवर परिणाम करण्याइतके राहत नाही, पण विकराला लगाम बसतो. प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू वाढण्याची भीती त्यामुळे दूर झाली, आणि महिनोन्महिने औषध देण्याचा मार्ग मोकळा झाला.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर 1998 मध्ये या अल्पमात्रेतील डॉक्सिसायक्लिनला ‘पेरिओस्टॅट’ या नावाने मान्यता दिली. हिरड्यांच्या विकारात शरीराची प्रतिक्रिया आवरण्यासाठी मान्यता मिळालेले ते पहिले औषध होते. 2000 साली जॅक केटन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या नऊ महिन्यांच्या चाचणीत 190 रुग्णांच्या दातांची मुळे खोलवर साफ करण्यात आली आणि मग एका गटाला हे औषध, तर दुसऱ्याला निरौषध गोळी देण्यात आली. सात मिलिमीटर किंवा त्याहून खोल फटींच्या जागी औषध घेणाऱ्यांच्या दातांचा आधार सरासरी 1.55 मिलिमीटर सुधारला, निरौषध गोळी घेणाऱ्यांचा 1.17 मिलिमीटर. हा फरक खरा होता, पण तो लहान होता. सुधारणेचा मोठा भाग दोन्ही गटांत केलेल्या मुळांच्या सफाईनेच साधला होता, आणि पुढच्या सर्व औषधांच्या बाबतीत हेच सूत्र थोड्याफार फरकाने पुन्हा दिसत राहिले.

कीटणाच्या शोधातून हाडाच्या औषधाकडे

दरम्यान हाडांच्या वैद्यकात एक स्वतंत्र क्रांती घडत होती. पाण्याच्या नळांत क्षार साचू नयेत म्हणून त्यात पॉलिफॉस्फेट मिसळण्याची पद्धत उद्योगांत रूढ होती. हर्बर्ट फ्लाइश यांनी शोधून काढले की त्याच जातीचा पायरोफॉस्फेट हा पदार्थ माणसाच्या रक्तात आणि लघवीत नैसर्गिकपणे असतो आणि कॅल्शियमचे क्षार साचण्याला अटकाव करतो. पायरोफॉस्फेट तोंडाने दिल्यास मात्र ते पोटातच मोडते. म्हणून त्याच्यासारखीच घडण असलेले पण न मोडणारे रेणू शोधण्याची गरज निर्माण झाली आणि ते बिस्फॉस्फोनेट या जुन्या रासायनिक संयुगांत सापडले. अमेरिकेतील प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीत मॅरियन फ्रान्सिस हे कॅल्शियमचे क्षार साचण्याला अटकाव करणाऱ्या संयुगांवर काम करत होते आणि दातांवरचे कीटण रोखणारी टूथपेस्ट हा कंपनीच्या आस्थेचा एक विषय होता. फ्लाइश, त्यांचे सहकारी ग्रॅहम रसेल आणि फ्रान्सिस यांचे या संयुगांवरील पायाभूत निबंध 1969 साली प्रसिद्ध झाले. ही संयुगे क्षार साचू देत नाहीत आणि हाड विरघळण्याचाही वेग कमी करतात, हे त्यांतून समोर आले.

या दुसऱ्या गुणाने बिस्फॉस्फोनेटचे भवितव्य ठरवले. ही औषधे हाडाच्या पृष्ठभागाला चिकटून बसतात, अस्थिभक्षक पेशी तो पृष्ठभाग विरघळवू लागली की ती औषधही गिळते आणि निष्प्रभ होऊन मरते. हाडांचा ठिसूळपणा, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, या विकारासाठी अलेंड्रोनेट हे या वर्गातील औषध अमेरिकेत 1995 साली मान्य झाले आणि रजोनिवृत्तीनंतर ज्यांची हाडे विरळ होतात अशा असंख्य स्त्रियांचे आयुष्य अडवणारे अस्थिभंग, विशेषतः मणक्याचे आणि खुब्याचे, त्याने टळले. हाडात पसरलेल्या कर्करोगाच्या रुग्णांना पामिड्रोनेट आणि झोलेड्रोनेट ही अधिक प्रबळ औषधे शिरेतून दिली जाऊ लागली आणि त्यांच्या वेदना व अस्थिभंग कमी झाले.

जी औषधे मणक्याचे आणि खुब्याचे हाड राखतात, ती दाताभोवतीचे हाडही राखतील, ही अपेक्षा स्वाभाविक होती. माकडांवर 1992 साली आणि त्यानंतर बीगल कुत्र्यांवर झालेल्या प्रयोगांनी तिला दुजोरा दिला. रुग्णांवरील सर्वांत मोठ्या चाचण्यांपैकी एक जेफकोट यांच्याच पुढाकाराने झाली आणि 2007 साली प्रसिद्ध झाली. तीत हिरड्यांचा मध्यम किंवा तीव्र विकार असलेल्या 335 रुग्णांना दोन वर्षे दर आठवड्याला 70 मिलिग्रॅम अलेंड्रोनेट किंवा निरौषध गोळी देण्यात आली. सर्व रुग्णांचा एकत्रित विचार करता दाताभोवतीच्या हाडाच्या झिजेत औषधाने फरक पडला नाही. ज्यांच्या खालच्या जबड्याच्या हाडाची घनता मुळातच कमी होती, त्यांच्यापुरता फायदा दिसला. याच वर्षी जेफ्री पेन आणि सहकाऱ्यांनी, ज्यांची हाडे विरळ होऊ लागली होती अशा रजोनिवृत्तीनंतरच्या 128 स्त्रियांवर दोन वर्षे चाललेल्या अल्पमात्रेतील डॉक्सिसायक्लिनच्या चाचणीचे निष्कर्ष मांडले. तेथेही सर्वांचा मिळून विचार केल्यावर हाडातील फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही, काही उपगटांत मात्र तो अनुकूल होता. सर्वांना एकच औषध लागू पडेल, ही आशा या दोन्ही चाचण्यांनी मावळली.

जबड्याचा इशारा

या चाचण्या चालू असतानाच सप्टेंबर 2003 मध्ये मायामी येथील मुखशल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स यांचे एक छोटे पत्र मुखशल्यचिकित्सेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पामिड्रोनेट किंवा झोलेड्रोनेट घेणाऱ्या 36 रुग्णांच्या जबड्याचे हाड हिरडी फाटून उघडे पडले होते, ते मृत झालेले होते आणि नेहमीच्या उपचारांना दाद देत नव्हते. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमधील साल्व्हातोरे रुजिएरो आणि सहकाऱ्यांनी अशा 63 रुग्णांची नोंद केली. त्यांतील 56 जणांना ही औषधे शिरेतून दिली गेली होती, तर सात जण गोळ्या घेणारे होते. दात काढल्यावर न भरणारी खाच हे या व्याधीचे एक ठळक लक्षण होते. जेथे काही आठवड्यांत नवे हाड भरून यायला हवे, तेथे महिनोन्महिने पिवळट उघडे हाड दिसत राही.

वैद्यकाच्या इतिहासात या दृश्याला एक पूर्वज होता. एकोणिसाव्या शतकात आगकाड्यांच्या कारखान्यांत पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफा श्वासात घेणाऱ्या कामगारांचे जबडे असेच सडत. व्हिएन्नातील लोरिन्झर यांनी 1845 साली त्याचे वर्णन केले होते, लंडनमधील आगकाडी कारखान्यातील स्त्री कामगारांच्या 1888 च्या संपाने या व्यवसायातील हालांकडे समाजाचे लक्ष वेधले आणि अखेर 1906 सालच्या बर्न येथील आंतरराष्ट्रीय कराराने आगकाड्यांतील पांढऱ्या फॉस्फरसवर बंदी आणली. नव्या व्याधीचे या जुन्या व्याधीशी असलेले साम्य शल्यचिकित्सकांच्या तत्काळ लक्षात आले.

जबड्यावरच हा आघात का व्हावा, याचे उत्तर जबड्याच्या वेगळेपणात शोधण्यात आले. दाताभोवतीचे हाड शरीरातील इतर अनेक हाडांपेक्षा वेगाने मोडते आणि घडते, त्यावरचे आवरण अतिशय पातळ असते आणि काही मिलिमीटरांवर जंतूंनी भरलेले तोंड असते. चावण्याने होणाऱ्या सूक्ष्म इजा आणि दात काढल्यावरची जखम दुरुस्त करायची, तर आधी अस्थिभक्षक पेशींनी खराब झालेले हाड उचलून न्यावे लागते. ते काम दीर्घकाळ बंद पडले, तर दुरुस्तीच सुरू होत नाही. 2010 साली मान्यता मिळालेल्या डेनोसुमॅब या पूर्णपणे वेगळ्या घडणीच्या औषधाने या तर्काला बळकटी दिली. अस्थिभक्षक पेशी तयार होण्यासाठी लागणारा रॅन्कल हा संदेशवाहक रेणू 1998 साली ओळखला गेला होता, आणि डेनोसुमॅब हे त्याच रेणूला बांधून ठेवणारे प्रतिपिंड आहे. त्यात फॉस्फरसचे संयुग नाही, तरीही ते घेणाऱ्या काही रुग्णांत जबड्याचे हाड मृत झाल्याचे आढळले. तेव्हा धोक्याचा मोठा भाग हाडाची झीज दडपण्याच्या क्रियेतच आहे, हे मान्य करावे लागले.

या घटनेचे परिणाम दूरवर गेले. 2005 साली अमेरिकेत या औषधांच्या माहितीपत्रकांत जबड्याविषयीचा इशारा समाविष्ट झाला. कर्करोगाच्या रुग्णाला शिरेतून औषध सुरू करण्यापूर्वी दात व हिरड्या तपासून आवश्यक ते उपचार आधीच उरकून घ्यावेत, हा नियम रुजला, आणि दात काढण्यापूर्वी दंतवैद्य रुग्णाला हाडांच्या औषधांविषयी विचारू लागले. ऑस्टिओपोरोसिससाठी गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका फारच कमी असतो आणि त्या गोळ्यांनी टळणारे अस्थिभंग कितीतरी अधिक असतात, त्यामुळे रुग्णाने भीतीपोटी औषध स्वतःहून सोडू नये, हेही तितक्याच ठामपणे सांगितले गेले. हिरड्यांच्या विकारासाठी मात्र निरोगी सांगाड्याच्या माणसाला बिस्फॉस्फोनेट देण्याचा विचार मागे पडला. याच वर्गातील अलेंड्रोनेटचा एक टक्का अंश असलेली जेल केवळ दाताच्या फटीत भरण्याचे प्रयोग बंगळूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात ए. आर. प्रदीप आणि सहकाऱ्यांनी केले आणि हाड भरून येण्याचे उत्साहवर्धक निष्कर्ष नोंदवले. ते निष्कर्ष सर्वमान्य होण्यासाठी इतर ठिकाणच्या मोठ्या चाचण्यांची जोड आवश्यक होती.

झीज रोखण्याकडून घडणीकडे

झीज दडपण्याची मर्यादा कळल्यावर लक्ष हाडाच्या घडणीकडे वळले. टेरिपॅराटाइड हे पॅराथायरॉइड ग्रंथीच्या संप्रेरकाचा, म्हणजे रक्तातून संदेश नेणाऱ्या रसायनाचा, एक अंश होय. हे संप्रेरक सतत वाढलेले राहिले तर हाड झिजते, पण रोज थोड्या मात्रेत टोचले तर अस्थिजनक पेशी कामाला लागतात, आणि या गुणामुळे ते 2002 साली अमेरिकेत तीव्र ऑस्टिओपोरोसिससाठी मान्य झाले. मिशिगन विद्यापीठात जिल बाशुत्स्की, लॉरी मॅकॉली आणि सहकाऱ्यांनी हिरड्यांचा तीव्र विकार असलेल्या 40 रुग्णांवर शस्त्रक्रिया करून त्यांना सहा आठवडे रोज 20 मायक्रोग्रॅम टेरिपॅराटाइड किंवा निरौषध इंजेक्शन दिले. सर्वांना सोबत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वही दिले गेले. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, वर्षभरानंतर क्ष-किरण चित्रांवर हाडातील खड्डा औषध घेणाऱ्यांमध्ये सरासरी 29 टक्के भरून आला होता, तर दुसऱ्या गटात केवळ 3 टक्के.

आतापर्यंतच्या प्रयत्नांत इतका स्पष्ट फरक क्वचितच दिसला होता आणि तो केवळ सहा आठवड्यांच्या औषधाने साधला होता. तरीही रुग्ण थोडे होते, रोज टोचून घ्यावे लागणारे हे औषध महाग होते आणि उंदरांना दीर्घकाळ मोठ्या मात्रेत दिल्यावर हाडाचा कर्करोग उद्भवल्यामुळे त्यावर कडक इशारा छापलेला असे. हा इशारा अमेरिकेत 2020 साली काढून टाकण्यात आला, परंतु हिरड्यांच्या नेहमीच्या उपचारांत टेरिपॅराटाइड आलेले नाही. दरम्यान शस्त्रक्रियेच्या वेळी थेट हाडाच्या खड्ड्यात भरण्याची वाढकारक प्रथिने पुढे आली. रक्तबिंबिकांपासून मिळणाऱ्या वाढकारक घटकाचे कृत्रिम रूप अमेरिकेत 2005 साली मान्य झाले आणि जपानमध्ये 2016 साली ट्राफर्मिन हे तशाच हेतूचे औषध वापरात आले. सगळ्या शरीरात औषध फिरवण्यापेक्षा हवे तेथे आणि हवे तेवढेच देण्याकडे हा कल होता.

काय साधले, काय राहिले

अर्धशतकाच्या या प्रयत्नांचे मोल ठरवण्याची वेळ आली, तेव्हा तज्ज्ञ संस्थांचे निष्कर्षही एकसारखे निघाले नाहीत. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या 2015 सालच्या मार्गदर्शक सूचनांनी मुळांच्या सफाईला जोड म्हणून अल्पमात्रेतील डॉक्सिसायक्लिनचा विचार करण्याला अनुकूलता दाखवली. त्याने मिळणारा अधिकचा लाभ सरासरी सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर इतका होता. 2020 सालच्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी मात्र हे औषध न वापरण्याकडे कौल दिला आणि बिस्फॉस्फोनेट व दाहशामक वेदनाशामके यांच्या वापराच्या विरोधात शिफारस केली. मतभेद लाभ आहे की नाही याविषयी फारसा नव्हता. एवढ्या लाभासाठी महिनोन्महिने गोळ्या घेणे, त्यांचा खर्च आणि दुष्परिणाम सोसणे कितपत योग्य, याविषयी तो होता.

या दोन कौलांखालची समान भूमी अधिक महत्त्वाची आहे. जंतूंचा थर आणि कीटण दूर न करता केवळ औषधाने हाड राखता येते, असे एकाही चाचणीने सिद्ध केले नाही. ज्या औषधांनी काही साधले, ती नीट साफ केलेल्या मुळांच्या किंवा काळजीपूर्वक केलेल्या शस्त्रक्रियेच्या सोबतीनेच. श्रीलंकेतील मजुरांच्या अभ्यासाने शरीराच्या प्रतिक्रियेकडे लक्ष वेधले होते, पण ऑर्हुसमधील बारा जणांनी दाखवलेले सत्यही त्याने खोडले नव्हते, ही गोष्ट औषधांच्या उत्साहात काही काळ मागे पडली होती आणि चाचण्यांनी ती पुन्हा पुढे आणली.

तरीही या प्रयत्नांना अपयशाचा इतिहास म्हणणे अन्यायाचे होईल. हिरड्यांच्या विकारात हाड कोण नष्ट करते, कोणत्या रसायनांच्या सांगण्यावरून करते आणि त्या साखळीत कोठे हस्तक्षेप शक्य आहे, हे ज्ञान या शोधांनी दिले. विकर रोखणारी अल्पमात्रेतील डॉक्सिसायक्लिनची कल्पना 2006 साली चेहऱ्यावरील रोझेशिया या त्वचाविकाराच्या उपचारात उपयोगी पडली. त्याहून मोठा लाभ म्हणजे दंतवैद्यक आणि अस्थिवैद्यक यांच्यामधली भिंत पडली. खुब्याच्या हाडासाठी दिलेली गोळी जबड्यात काय करील, हे विचारल्याशिवाय आता शहाणा चिकित्सक पुढे जात नाही, आणि हिरड्यांवर उपचार करताना मधुमेह, रजोनिवृत्ती, तंबाखू आणि हाडांची घनता यांची चौकशी केल्याशिवाय दंतवैद्याचे काम पुरे होत नाही. भारतात, जेथे तंबाखूचे सेवन व मधुमेह दोन्ही व्यापक आहेत आणि बहुसंख्य रुग्ण दात हलू लागल्यावरच दवाखान्याची पायरी चढतात, तेथे या चौकशीचे आणि वेळेवर केलेल्या साध्या सफाईचे मोल कोणत्याही महाग औषधाहून अधिक आहे. हाड झिजण्यापूर्वी रुग्णापर्यंत पोहोचणे हाच हाड राखण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे, असे हा सारा इतिहास सांगतो, आणि औषधाचे खरे स्थान त्या उपायाला बळ देण्यात आहे.